मिस्त्रींना ऐकू येतं

मिस्त्री कुणाच्या मयताला आले की रडणारी माणसं आधी गप्प व्हायची. पायरीवरूनच ते विचारायचे, "कधी गेला?" आणि हा प्रश्न पलीकडच्या आळीत पोचायचा. मग गेलेल्याच्या मुलाजवळ बसायचं, त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि स्वतःच्या समजुतीनं अगदी कानगोष्ट करावी तसं बोलायचं. एकदा ते असेच म्हणाले, "डॉक्टरानं चुकीचं औषध दिलन. पण आता बोलू नको." तो डॉक्टर दोन हातांवर खुर्चीत बसलेला होता.

लोक रुमाल तोंडाला लावून हसले. बंदरावर मिस्त्रींच्या आवाजाचे असे दहा तरी किस्से सांगतात आणि सांगणारा प्रत्येक जण शेवटी म्हणतो, "वल्ली माणूस." मला हा शब्द आता खपत नाही. कारखान्यानं माणसाचे कान खाल्ले, म्हणून तो ओरडून बोलायला लागला, आणि आपण त्याला वल्ली म्हणून मोकळे झालो. त्याचा पाय यंत्राच्या पट्ट्यात गेला असता तर त्याच्या लंगडण्याला आपण वल्लीपणा म्हटलं असतं काय? कान जातात तेव्हा रक्त येत नाही. एवढाच फरक.

मिस्त्री बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवायचे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या की ते मशीन जे सुरू व्हायचं ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. दोन जुने कॉम्प्रेसर, रुंद पट्ट्यांवर चालणारे, माझ्यापेक्षा वयानं मोठे. वर पत्रा. भिंतीपलीकडे बर्फाच्या लाद्यांचा चुरा करणारं यंत्र, त्याचं चर्रर वेगळंच. आत गेलं की शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी उपयोग नसे. मी पहिल्यांदा आत दहा मिनिटं उभी राहिले आणि बाहेर आल्यावर चहावाल्यानं काय विचारलं ते मला संध्याकाळपर्यंत नीट कळत नव्हतं. मिस्त्री तिथं पंचवीसेक वर्षं उभे होते.

आमची कामगार संघटना म्हणजे तीन माणसं, एक सायकल आणि एक उसनं सायक्लोस्टाइल यंत्र. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि पत्रकं लिहायचे. मुंबईच्या एका डॉक्टर मैत्रिणीनं मला समजावून सांगितलं होतं, की कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, सततच्या मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि मेल्या की पुन्हा येत नाहीत. भाताची रोपं मेली तर दुसरी लावता येतात. ही लावता येत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. पाखरं जातात, शिट्टी जाते, बायकापोरांचं बोलणं जातं. माणसाला वाटतं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. हे सगळं मी एका पत्रकात घातलं आणि वर मथळा दिला, "तुमचे कान कुणाच्या मालकीचे?" मला तो मथळा फार आवडला होता.

मिस्त्रींनी ते पत्रक पुरतं वाचलं, घडी घातली आणि त्याच कागदानं ऑइलचे हात पुसले.

"चांगलं लिवलंयस," ते म्हणाले. "पण आवाज हाय तवर भाकरी हाय, ता लिवायचं ऱ्हायलं तुझं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. दुसरं म्हणजे, "मशीन बोलतं, माणूस बडबडतो." मशीनचं बोलणं ऐकायची त्यांची एक तऱ्हा होती. मोडक्या वल्ह्याचा हातभर तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. एक टोक बेरिंगवर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं, डोळे मिटायचे. मिनिटभरानं सांगायचे, "तिसऱ्या बेरिंगला तहान लागलीय," नाहीतर, "ह्याचा दात दुखतोय." उघडून बघितलं की ते तसंच निघायचं. होड्यांवरचे लोक आपलं इंजिन दाखवायला त्यांना घेऊन जायचे आणि मिस्त्री तोंडात लाकूड धरून इंजिनावर वाकलेले असायचे. पोरं म्हणायची, मिस्त्री इंजिन चावतात. त्या लाकडातून त्यांच्या कवटीला कंप पोचत होता. कानांचं काम दातांनी करायची वेळ आली होती आणि सगळे टाळ्या पिटत होते.

माझी पहिली चूक कापसाची. कानांवर घालायची जाड आवरणं मिळतात, ती द्या, असं आम्ही मालकाला लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही. मग मी ठरवलं, तोवर निदान कापूस. व्हॅसलीन लावून घट्ट बोळे करायचे, आवाज थोडा तरी कमी होतो. मी एक आख्खी दुपार बसून कागदाच्या पुड्या बांधल्या, सात जणांच्या सात, प्रत्येकीत वापरायची रीत लिहून. पाळी बदलताना वाटून आले.

दुसऱ्या दिवशी गेले तर सातही पुड्या मशीनघराच्या पायरीवर ओळीनं मांडून ठेवलेल्या. मिस्त्री आणि हसन बाहेर बसले होते. हसन टाकीतून लाद्यांचे डबे उचलायचा. मिस्त्रींचा जुना जोडीदार.

"बाय, बस," मिस्त्री म्हणाले. "कापूस आणलास, बरं केलंस. कानात कापूस कधी घालतात, ठाव हाय तुला?"

मी म्हटलं, "थंडीत घालतात."

"तिरडीवर. नाकात नि कानात." त्यांनी हसनकडे मान वळवली. "तुमच्यात?"

हसन म्हणाला, "आमच्यात पण तसंच. तेवढं एक सारखंच हाय."

"सकाळी कानात बोळे घालून घरातनं निघालो तर घरची काय समजंल? मी जिता हाय गो. दम्यानं खोकतो, पण जिता हाय."

"अहो, कामावर आल्यावर घाला. घरी कोण बघतंय?"

"मी बघतो ना," मिस्त्री म्हणाले. "तिथं आरसा हाय. मीटरची काच."

मी ते ओझं उचलून परत आणलं. पत्रकात मी कानातल्या पेशींचं सगळं लिहिलं होतं, पण कापूस बघून माणसाच्या मनात काय येईल हे एकालाही विचारलं नव्हतं. ही चूक माझी. पण त्या चुकीचा फायदा कुणी घेतला ते बघा. आठवड्यानं मॅनेजरनं मला बोलावून टेबलावर एक पुडी ठेवली. एक माझ्या पिशवीत यायची राहून गेली होती.

"तुमच्या लोकांनाच नको आहे, बाई. आम्ही काय करणार? महाग वस्तू आणून द्यायच्या आणि यांनी पायरीवर मांडून ठेवायच्या?"

फायलीत त्यानं नोंद केली, की कामगारांना कानाचं संरक्षण देऊ केलं, त्यांनी नाकारलं. देऊ केलं मी. नोंद झाली मालकाच्या नावावर.

मिस्त्रीणकाकू वेगळंच सांगायच्या. त्यांच्याकडे मी चहाला जायचे. त्या नवऱ्याशी बोलताना आधी त्याच्या खांद्याला हात लावायच्या आणि समोर येऊन मगच तोंड उघडायच्या. पाठमोऱ्या कधी बोलायच्या नाहीत.

"झोप नाय त्यांना," त्या म्हणायच्या. "रक्तदाबाच्या गोळ्या चालू. चिडतात किती. गेल्या पावसात रेडिओ उचलून अंगणात फेकला. म्हणे सगळे मुद्दाम हळू बोलतात."

पावसात मशीन बंद असायचं. आम्हाला वाटायचं, चला, कानांना विश्रांती. उलट तेच दिवस वाईट. बाहेरचा आवाज थांबला की मिस्त्रींच्या कानातला सुरू व्हायचा. "रातकिडे," ते म्हणायचे. "दोन्ही बाजूला. हाकलले जात नाय." म्हणून पावसाचे तीन महिने ते आळीतल्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसायचे. सकाळी जेवण करून जायचे ते गिरण बंद होईपर्यंत, पट्ट्याच्या शेजारी, स्टुलावर, पिठानं पांढरे होऊन. गिरण घरघरत असली की रातकिडे बुडून जायचे. दळणाला आलेल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. गिरणवाला म्हणायचा, "मिस्त्री, घर नाय काय तुम्हाला?" ते म्हणायचे, "घरी फार गोंगाट हाय." यावर सगळी गिरण हसायची. ते मात्र खरंच सांगत होते.

आता कारखान्यातली रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

मशीनघरात तोंडानं बोलणं शक्य नसल्यानं त्या सात जणांनी खुणा आणि ओठ यांची एक बोली केली होती. मनगटावर दोन बोटं म्हणजे वेळ झाली. गाल फुगवला की मॅनेजर येतोय. बाकी सगळं ओठांवरून. मिस्त्री यात सगळ्यांचे गुरू. जेटीवर उभा असलेला माणूस होडीवरच्याला काय शिव्या देतोय, हे ते खिडकीतून बघून आम्हाला सांगायचे. आणि मिस्त्रींसाठी म्हणून एक जादा रीत होती. कुणी त्यांच्या पाठीमागून बोललं, की समोर जो असेल त्यानं ते शब्द आवाज न करता ओठांनी पुन्हा म्हणायचे. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. मालक मागून म्हणायचा, "मिस्त्री, आज लाद्या कमी का?" हसन समोरून नुसते ओठ हलवायचा आणि मिस्त्री मागं न वळता उत्तर द्यायचे, "दोनदा वीज गेली." मालकाला वर्षानुवर्षं वाटत होतं, म्हाताऱ्याचे कान शाबूत आहेत. माणसाला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून केलेली ही माया होती. मी वर्षभर त्यांच्यात वावरले. मलाही ती सवय लागली, मला न कळत.

कामाच्या जागी आवाजानं बहिरेपण आलं तर भरपाई मागता येते, असा कायदा आहे. आम्ही सातही जणांचा अर्ज केला. सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत बहिरे मिस्त्री, म्हणून त्यांचं नाव पहिलं. त्यांना तयार करायला मला दोन महिने लागले. ते सही करायचे नाहीत. "बहिरा म्हणून सही करू? नातवाला शाळेत काय म्हणतील?" शेवटी हसन म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यामागं आम्ही सहा हाव. आमचे कान तुमच्या वाटेनंच चाललेत." तेव्हा त्यांनी सही केली.

रत्नागिरीत कान तपासायचं यंत्र तेव्हा आमच्या माहितीत नव्हतं. चौकशीला आलेले कामगार खात्याचे साहेब म्हणाले, आधी इथं प्राथमिक तपासणी होईल, तथ्य वाटलं तर यंत्रावर तपासायला बाहेर पाठवू. डॉक्टर मालकानं आणला. जागा कारखान्याच्या माडीवरचं ऑफिस. त्या तासापुरतं मशीन बंद ठेवलं होतं. हे मॅनेजरचं डोकं. साहेब, डॉक्टर, मॅनेजर आणि संघटनेच्या वतीनं मी.

मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले. डॉक्टर खिडकीसमोर बसला होता, उजेड थेट त्याच्या तोंडावर. मिस्त्रींची खुर्ची त्याच्यासमोर. मी ते बघितलं आणि मला धडकी भरायला हवी होती. भरली नाही. मी फायलीतले कागद लावत होते.

"नाव काय?" मिस्त्रींनी सांगितलं. "किती वर्षं काम?" सांगितलं. "जेवलात काय आज?" "पेज खाल्ली." डॉक्टर कुजबुजायला लागला. "मुलं किती?" कुजबुजणारा माणूस ओठ जास्तच हलवतो. "एक मुलगी. राजापुरास दिलीय." डॉक्टरनं कान तपासायचा दोन पात्यांचा चिमटा पिशवीतून बाहेर काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानामागच्या हाडावर टेकवला. "येतंय?" "येतंय." का नाही येणार? दातांनी मशीन ऐकणारा माणूस तो.

डॉक्टर साहेबांकडे बघून हसला.  मी उठून म्हटलं, "हे ओठ वाचतात, डॉक्टर. मागं उभं राहून विचारा."

मॅनेजर म्हणाला, "बाईंना आता डॉक्टरकी पण येते."

साहेब म्हणाले, "करा हो, तेही करा. नंतर तक्रार नको."

डॉक्टर उठून मिस्त्रींच्या मागं गेला. भिंतीला टेकून त्यानं साध्या आवाजात विचारलं, "बर्फ किती वेळात धरतो?"

मिस्त्री समोर बघत होते. समोर मी होते. खोलीत क्षणभर काहीच झालं नाही. मला वाटलं, जिंकलो. आणि मिस्त्री म्हणाले, "एक दिवस धरा. गरमीचे दिवस असले तर वर थोडं."

"गाव कुठलं?"

"जयगडाकडचं. खाडीच्या अंगाला."

तिसऱ्या प्रश्नाला मला माझे ओठ हलताना कळले. डॉक्टर मागून विचारत होता, "दिसायला कमी येतं काय?" आणि मी समोर उभी राहून, एक अक्षर आवाज न करता, ते सगळं म्हणत होते. वर्षभराची सवय. मी तोंडावर हात दाबला. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "चष्मा हाय. वाचायला."

डॉक्टरनं लिहिलं, की ऐकण्याची क्षमता वयाच्या मानानं उत्तम. साहेब म्हणाले, सर्वांत जुन्या कामगाराची ही स्थिती असेल तर बाकी सहा जणांना बाहेर पाठवण्याचं कारण दिसत नाही. सात अर्ज एका दोरीत बांधून कपाटात गेले. खाली मशीन सुरू झालं.

मी मिस्त्रींना जेटीवरच्या टपरीवर गाठलं. मी रडत होते की ओरडत होते ते आठवत नाही, बहुतेक दोन्ही.

"माझी चूक झाली, कबूल. पण तुम्हाला कळत होतं मी काय करत्ये. गप्प राहता आलं असतं."

"तुझ्या तोंडावर प्रश्न दिसत व्हता. बाईमाणूस समोर उभं ऱ्हाऊन विचारतंय, नि मी मख्ख बसू?"

"सहा जणांचं काय? हसनचं काय?"

मिस्त्रींनी बशीत चहा ओतला. तो पिऊन संपवला.

"आदल्या दिवशी मॅनेजरनं बोलावलन मला. म्हणाला, बहिरा ठरलास तर मशीनवर ठेवता येत नाय. कायदाच हाय तसा. घरी जा नि मग भरपाईची वाट बघ." त्यांनी बशी पालथी घातली. "मशीन सोडून मी काय करू? बारा महिने गिरणीत बसू?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू पत्रक काढलं असतंस."

काढलं असतं, हे खरं आहे.

हसननं मिस्त्रींशी दोन आठवडे बोलणं सोडलं. म्हणजे ओठ हलवणं सोडलं. तेवढं पुरे होतं. मालक मागून काही विचारायचा आणि मिस्त्री तसेच काम करत राहायचे. मग एक दिवस हसनच पुन्हा समोर येऊन उभा राहिला. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "बघवत नाय गो ताई. लहान पोरासारखं तोंडाकडं बघत ऱ्हातो तो."

पुढच्या हंगामात मालकानं नवं मशीन आणलं. बंद पेटीतलं, गुळगुळीत. वल्ह्याचा तुकडा लावायला जागा नाही आणि लावला तरी कंप नाही. जुन्या कॉम्प्रेसरच्या जवळच ते बसवलं. दाब वाढला की भिंतीवर एक घंटी वाजायची, बारीक किरकिरी. हसन रजा घेऊन लग्नाला गेला होता त्या दिवशी ती वाजली. मिस्त्री पाठ करून तेल घालत होते. घंटी वाजत राहिली. झडप उडाली आणि बर्फ गोठवायला वापरतात तो अमोनिया वायू मशीनघरातून जेटीपर्यंत पसरला. मासे निवडणाऱ्या बायका टोपल्या टाकून, डोळ्यांना पदर लावून पळाल्या. मिस्त्रींनी ओला फडका तोंडाला बांधून, आत जाऊन, हातानं कॉक बंद केला. कुणाचा जीव गेला नाही. त्यांचा खोकला मात्र तेव्हापासून बदलला.

चौथ्या दिवशी त्यांना पत्र मिळालं. मी ते पत्र जपून ठेवलंय. त्यात लिहिलंय, की श्रवणशक्ती गंभीररीत्या बाधित असल्याने आपण यंत्र चालवण्यास अपात्र आहात, सबब आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली सही त्याच मॅनेजरची. ऐकण्याची क्षमता उत्तम असल्याचा कागद ज्या कपाटात होता, त्याच ऑफिसातून हे पत्र टाइप होऊन आलं. नुकसान मागायला गेलो तेव्हा हा माणूस ऐकत होता. काढायची वेळ आली तेव्हा बहिरा झाला. आणि मला हे सांगायला लाज वाटत नाही, की ते पत्र वाचून मला आधी आनंद झाला. आता त्यांच्याच लेखी कबुली होती. नवा दावा करता येत होता. बाकी सहा जणांनी मात्र एव्हाना आमची काही तक्रार नाही असं लिहून दिलं होतं. नोकरी टिकवायची तर तेवढं द्या, असं मॅनेजरनं सांगितलं होतं. हसनचीही सही त्यात होती. म्हणजे दावा एकट्या मिस्त्रींचा.

तो दावा अजून पडून आहे. चार तारखा झाल्या. गोड निकाल माझ्याकडे नाही.

त्या दाव्याचा अर्ज भरायला मी त्यांच्या घरी गेले ती दुपार होती. मिस्त्री ओटीवर. मिस्त्रीणकाकू पडवीत भांडी घासत होत्या. मी समोर बसून एकेक रकाना वाचत होते, सावकाश, तोंड त्यांच्याकडे करून. नाव, वय, काम. मग आला, "श्रवणदोष प्रथम केव्हा लक्षात आला?"

मिस्त्री म्हणाले, "नातू झाला तेव्हा."

"म्हणजे कसं?"

"मुलगी बाळंतपणास आली व्हती. पोराला पाळण्यात घातलेलं. बघतो तर पोर तोंड उघडून पडलंय, लालबुंद झालंय, नि आवाज नाय. मी हिला म्हटलं, पोर मुकं निपजलं काय गो?"

पडवीतून काकू म्हणाल्या, "मला वाटलं, थट्टा करतायत. आख्खं घर डोक्यावर घेतलं व्हतं पोरानं."

काकू पाठमोऱ्या होत्या. मिस्त्रींना त्यांचं बोलणं कळलं नाही. ते पुढं सांगत राहिले.

"कुणाला बोललो नाय. एसटीत बसलो, आंजर्ल्यास गेलो. कड्यावरच्या गणपतीला नवस बोललो. पोराला वाचा दे, घंटा बांधीन. पुढं वरीसभरात पोर तोंड हलवायला लागलं. आबा म्हणालं मला. म्हणताना दिसलं. मी म्हटलं, देव पावला. चांगली पितळेची घंटा घेतली, खांद्यावर टाकून गेलो परत. बांधली. दोर ओढला."

 हातात दोर असल्यासारखी मूठ झाली होती.

"दोराला हिसका लागला. घंटा हलली. देवळातली माणसं वळून बघायला लागली. मला काय ऐकू आलं नाय. पुन्हा ओढला. पुजारी हात करतोय, पुरे म्हणून. तिथं समजलं, पोर नाय मुकं."

भांड्यांचा आवाज बंद झाला होता. काकू उठून समोर आल्या, राखेचे हात तसेच.

"हे मला आज सांगताय तुम्ही?"

"तुला काय सांगू? नवस चुकीच्या नावानं बोललेला. देवानं आपलं काम केलंन. त्याला काय बोल लावायचा?"

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "ता लिव. पोरगं आता तिसरीत हाय. हिशेब काढ."

हिशेब मी मनात केव्हाच काढला होता. कायद्यात मुदत असते. दोष लक्षात आल्यावर इतकी वर्षं गप्प बसलेल्या माणसाचा दावा उघडून सुद्धा बघणार नाहीत. मी मॅनेजरच्या पत्रावरची तारीख बघितली आणि ती रकान्यात लिहिली. मिस्त्रींनी चष्मा लावून वाचली.

"ही कसली तारीख? ह्या दिवशी तर मला कामावरनं काढलन."

"कागदावर तुमचे कान त्याच दिवशी गेले."

"नि घंटा?"

"घंटा लिहिली तर दावा बाद होतो, मिस्त्री."

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, मी कागदाकडे.

"डॉक्टरासमोर खोटं बोललो तर नोकरी ऱ्हायली," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "आता तू खोटं लिवतेस, तर भरपाई मिळंल म्हणतेस. खरं बोलून काय मिळतं, असं एखादं ऑफिस हाय काय गो रत्नागिरीत? आसंल तर तिथला फॉर्म आण."

मी म्हटलं, "नाही."

"मग सही कुठं करू ता दाखव."

मी दाखवलं.